रुग्णाने जेवण नाकारले

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख माननीय श्री. उन्मेष विजयकर, वैद्यकीय अधीक्षक डॉ. हितेंद्र सामंत, आमच्या मेट्रन लक्ष्मीताई कोरगावकर, व्यासपीठावरचे इतर सन्माननीय पाहुणे, समोर बसलेल्या माझ्या सगळ्या सिस्टर आणि ब्रदर, ज्यांच्याशिवाय या रुग्णालयाचं पान हलत नाही त्या वॉर्डातल्या मावशी आणि मामा, आणि चौथ्या रांगेत भिंतीकडेला बसलेल्या श्रीमती शांता तळवडेकर, आपणा सर्वांना दुर्गा नार्वेकरचा नमस्कार.

शांताबाईंचं नाव मी मान्यवरांच्या यादीत घेतलं, ते जाणूनबुजून घेतलं. या माझ्या पाहुण्या आहेत. वय सत्तरच्या पुढे. चिंचपोकळीहून चालत आल्या. खालच्या गेटवर त्यांना वीस मिनिटं उभं केलं होतं. हातात निमंत्रणपत्रिका होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली, तरी सिक्युरिटीचं म्हणणं की ही पत्रिका स्टाफची, बाहेरच्यांना पास लागतो. शेवटी आपली आकांक्षा, जी आज इतकं छान सूत्रसंचालन करतेय, ती खाली धावत गेली आणि त्यांना घेऊन आली. चौतीस वर्षं या इमारतीत काम केलं मी. शेवटच्या दिवशी एक माणूस सन्मानाने आत आणता आला नाही मला.

तेव्हा मी रागात आहे. आधीच सांगून ठेवते. उगाच उद्या कुणी म्हणायला नको की निरोपाच्या वेळी सिस्टर जरा भावुक झाल्या. मला राग आलाय, आणि तो आजचा नाही.

आता हे मानपत्र. आकांक्षाने मघाशी वाचलं, तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मी मान खाली घालून ऐकलं. भाषा फार सुंदर आहे, ज्यांनी लिहिली त्यांचे आभार. त्यात एक वाक्य आहे, 'रुग्णालयाच्या नियमांचे काटेकोर पालन हा सिस्टर दुर्गा यांचा स्थायीभाव.' आणि त्याच्याच खाली दोन ओळी सोडून, 'स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी सोबतीची चिठ्ठी हा आपल्या संस्थेचा अभिनव उपक्रम त्यांनी यशस्वीपणे राबविला.' मला सांगा, हे दोन्ही एकाच बाईबद्दल खरं कसं असेल? ज्या वर्षी मी नियम काटेकोर पाळले त्या वर्षी काय झालं, हे त्या मानपत्रात नाही. ते लिहिणाऱ्यांना माहीत नाही असंही नाही. म्हणून मीच सांगते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरात्र नुकतं संपलं होतं. पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात दौलत तळवडेकर नावाचे गृहस्थ न्यूमोनियाने दाखल झाले. मूळचे मालवणकडचे. पंधरा वर्षं लोअर परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, गिरणी बंद पडल्यावर ठिकठिकाणी वॉचमन. पाच-सहा वर्षांपासून स्मृतिभ्रंश. सन कुठलं ते आठवत नव्हतं, पत्ता आठवत नव्हता, स्वतःच्या मुलीला ते 'तुमी कोणाच्या?' असं विचारायचे. सोबत फक्त बायको. त्या या शांताबाई.

दाखल करताना शांताबाई माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, ह्यांका जेवणाचा इचारू नका. इचारल्यार नाय म्हणतले. सरळ वाढा."

हे मला सांगितलं होतं, बरं का. मी ऐकलंही होतं. माझ्यासमोर सहा केसपेपर पडले होते, फोन वाजत होता, मी म्हटलं, "हो आजी, बघतो आम्ही. तुम्ही आधी हा फॉर्म भरा." त्या म्हणाल्या, मला इथे थांबू द्या. मी म्हटलं, हा पुरुषांचा वॉर्ड आहे, इथे बायकांना थांबता येत नाही, भेटीची वेळ चार ते सहा. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्या आवाजात. झालं माझं काटेकोर पालन.

आता आपल्याकडे जेवण येतं दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला. भेटीची वेळ चार ते सहा. म्हणजे घरचं माणूस समोर असतं तेव्हा ताट नसतं, आणि ताट येतं तेव्हा घरचं माणूस गेटच्या बाहेर. हे वेळापत्रक कुणी बसवलं मला माहीत नाही. मी रुजू झाले तेव्हापासून तेच आहे आणि चौतीस वर्षांत एकालाही ते विचित्र वाटलं नाही. मलाही नाही.

पहिल्या दिवशी ट्रॉली आली. शिवामामा आपले, मागे बसलेत बघा, चांगला माणूस, रोग्याशी कधी वाकडं बोलणार नाही. त्यांनी अदबीने विचारलं, "बाबा, जेवणार ना?" दौलतराव पलंगावर सावरून बसले, हात जोडले आणि म्हणाले, "नको नको, आत्ताच जेवान इलंय मी. तुमी जेवा." शिवामामांनी ताट परत ठेवलं. ड्युटीवरच्या मुलीने कागदावर लिहिलं, रुग्णाने जेवण नाकारले.

तुमच्या लक्षात येतंय का काय झालं ते? त्या माणसाला हे रुग्णालय आहे हेच कळत नव्हतं. त्याच्या डोक्यात एवढंच, की आपण कुणाच्या तरी घरी आलोय, मोठं घर आहे, माणसं पुष्कळ आहेत, आणि कुणीतरी जेवायला बोलावतंय. मग भला माणूस काय म्हणतो? नको म्हणतो. पहिल्यांदा विचारलं की नको, दुसऱ्यांदा विचारलं की आत्ताच झालं, आणि तिसऱ्यांदा यजमानाने विचारायचंच नसतं, पानात वाढायचं असतं. आपण सगळे इथलेच ना? यातलं नवीन काय आहे? मी स्वतः गिरगावात नणंदेकडे गेले की चहाला आधी नको म्हणते आणि ती आधण ठेवतेच. अहो, सगळं विसरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरी कसं वागायचं तेवढं आठवत होतं, आणि त्यापायीच आम्ही त्याला उपाशी ठेवला.

एक दिवस नाही, चार दिवस. सकाळच्या मुलीने दुपारचं लिहिलं, संध्याकाळच्या मुलीने रात्रीचं. प्रत्येकीच्या वाट्याला एकेकच ओळ आली, त्यामुळे कुणीच घाबरलं नाही. राउंडला डॉक्टर म्हणाले, न्यूमोनियात भूक मरते, सलाइन चालू ठेवा. सगळ्या ओळी एकत्र वाचण्याचं काम एकाच व्यक्तीचं असतं. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरचं. खाली सही तिची असते.

आणि संध्याकाळ झाली की दौलतराव उठायचे. पाहुण्याने किती वेळ बसायचं? शेजारच्या प्रत्येक पलंगापाशी जाऊन हात जोडायचे, "चला, येतंय मी," म्हणायचे आणि दाराकडे निघायचे. सलाइनची सुई ओढून काढलेली, हातातून रक्त येतंय, आणि हे आपले सगळ्यांचा निरोप घेतायत. दुसऱ्या दिवशी असं दोनदा झालं. मी म्हटलं, बांधा. बँडेजच्या पट्टीने दोन्ही मनगटं पलंगाच्या कठड्याला बांधली. ऑर्डर माझी होती. कागदावर लिहिलं, रुग्ण सहकार्य करत नाही.

तिसऱ्या दिवशी शांताबाई गेटवरची तपासणी चुकवून वर आल्या तेव्हा पावणेसहा होत आले होते. पहिले दोन दिवस पेजेचा डबा गेटवर काढून घेतला होता, बाहेरचं अन्न आत आणायचं नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून आणला. त्यांनी ते हात बघितले. मला हाक मारली आणि विचारलं, "बाई, यांनी काय चोरलं?"

मी उत्तर दिलं. मला आठवतं मी काय बोलले ते. "त्यांच्या सुरक्षिततेसाठी आहे, आजी." हे वाक्य आम्हाला ट्रेनिंगमध्येच मिळतं.

शांताबाईंनी गाठी सोडल्या. दौलतराव लगेच निघायला उठले. बाईंनी अडवलं नाही. म्हणाल्या, "जावा, पण चाय ठेवलंय. पिवन जावा." आणि तो माणूस बसला की हो खाली. चहा ठेवलाय म्हटल्यावर कोण उठून जातं? आम्ही दोन मामा आणि चार हात पट्टी वापरत होतो. मग त्यांनी पेज वाटीत ओतली, वाटी स्वतःच्याच मांडीवर ठेवली, एक घास स्वतः घेतला आणि म्हणाल्या, "वायच घेवा. तुमी नाय घेतल्यात तर मी एकटी कशी जेवतलंय?" दौलतराव जेवायला लागले. घाईघाईने, दोन्ही हातांनी वाटी धरून. मी दारातून बघत होते.

अर्धी वाटी झाली आणि सहाची घंटा वाजली. मी आत गेले आणि म्हटलं, "सहा वाजले, आजी. चला."

अध्यक्षमहाराज, तुम्ही मघाशी म्हणालात की सिस्टर दुर्गांच्या वॉर्डात घड्याळ लावून घ्यावं. हेच ते घड्याळ. त्या अर्धी वाटी घेऊन उठल्या आणि मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले, मागे वळून परत येऊ नयेत म्हणून.

पाचव्या दिवशी सकाळी दौलतराव उठवल्यावर उठेनात. रक्तातली साखर पार खाली गेली होती. अकरा दिवस आयसीयूत काढले. जगले, पण त्यानंतर चालले नाहीत. स्वतःच्या पायाने आलेला माणूस आम्ही खुर्चीवरून परत पाठवला, आणि तोसुद्धा तिसऱ्या मजल्यावर, चाळीत, जिथे संडास गॅलरीच्या टोकाला आहे. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं, प्रकृतीत सुधारणा.

ते घरी गेल्यावर मी केसपेपर मागवून घेतला आणि सगळ्या ओळी एका बैठकीत वाचल्या. रुग्णाने जेवण नाकारले, हे सात वेळा लिहिलेलं होतं. खाली माझ्या सात सह्या. त्या आठवड्यात मी घरी कुणाशी धड बोलले नाही. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी भांडते, हे माझ्या घरच्यांना विचारा.

दोन आठवड्यांनी मी चिंचपोकळीला त्यांच्या घरी गेले. माफी मागायला म्हणून गेले होते. खोलीत शिरले तर दौलतराव खाटेवर उशीला टेकून बसलेले. मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. पण दारात बाई दिसल्याबरोबर त्यांनी हात जोडले. "येवा, बसा. जेवानच जावा." मी म्हटलं, नको, जेवून आलेय. ते म्हणाले, "असा कसा? थोडा घेवा." मी म्हटलं, खरंच नको. तेव्हा ते बायकोकडे वळले आणि म्हणाले, "अगे, वाढ तेंका. लाजतत."

ज्या माणसाला मी चार दिवस उपाशी ठेवलं त्याने मला तीनदा विचारून जेवू घातलं. कुळथाची पिठी आणि भात. मी जेवले. पान टाकायची माझी हिंमत नव्हती. निघताना दारात शांताबाईंना म्हटलं, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "असू दे, बाई. संभाळून उतरा, जिना मोडलाय." मला हलकं वाटलं. खाली रस्त्यावर आल्यावर कळलं की ती माफी नव्हती. घरी आलेल्या माणसाला दुसरं काय म्हणायचं असतं?

पुढे चौदा महिने त्या एकट्या बाईने त्यांना उचललं, धुतलं, भरवलं. नंतर ते गेले. त्या चौदा महिन्यांत या रुग्णालयातून एक फोन त्यांना गेला नाही. तुम्ही कशा आहात, रात्री झोप मिळते का, पाठ दुखते का, हे एकाही डॉक्टरने विचारलं नाही. रोगी आमचा, तोही पलंगावर असेपर्यंत. आणि त्याला सांभाळणारी कुणाची?

चिठ्ठी सुरू झाली ती त्या जेवणानंतर. संस्थेने काही सुरू केलं नाही, मी केलं, आणि परवानगी न घेता केलं. विसराळूपणाचा आजार असलेला रोगी आला की माझ्या सहीची एक चिठ्ठी, की या रुग्णाजवळ त्याच्या ओळखीचं एक माणूस, बाई असो की पुरुष, चोवीस तास बसेल. मधे पडदा लावू, पण बसेल. आणि पलंगाच्या डोक्याशी एक कागद, ज्यावर घरच्यांनी लिहायचं की यांना काय म्हणून हाक मारायची, कसं भरवायचं, उठून निघाले तर काय सांगायचं. दुपारी दोन तास एक मावशी जागेवर बसणार आणि सोबत करणाऱ्याने अंघोळ करायची, जेवायचं, वाटलं तर नुसतं झोपायचं. एवढंच. यात अभिनव काय आहे? चार वर्षांत माझ्या वॉर्डात एकाही रोग्याला बांधलं नाही. त्या चार वर्षांत मला तीन मेमो मिळाले. डॉ. सामंत, तिसरा तुमच्या सहीचा आहे, 'अनधिकृत व्यक्तींचा वॉर्डातील वावर.' मी जपून ठेवलाय. आज तोच वावर मागच्या फलकावर सोनेरी अक्षरांत आहे, बघा, माझ्या फोटोच्या शेजारी.

आणि गेल्या सोमवारी परिपत्रक आलं. उद्या एक तारखेपासून सोबतीची चिठ्ठी बंद. कारण सुरक्षा आणि स्वच्छता. त्याऐवजी पलंगांना सेन्सर बसणार, रोगी उठला की टेबलावर बेल वाजेल. वा. बेल वाजेल, मग? ती बेल चहा ठेवलाय म्हणून सांगणार आहे का? ती बेल पहिला घास स्वतः खाणार आहे? बेल वाजल्यावर तीस रोग्यांमागे असलेल्या दोन मुली धावत येणार, आणि तिसऱ्यांदा वाजल्यावर त्या काय करणार ते मला विचारा. त्या पट्टी आणणार. मी आणली होती. मी वाईट बाई होते म्हणून आणली नाही, माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं आणि जे होतं त्याला मी सहा वाजता बाहेर काढलं होतं. सामंतसाहेब, एक दिवस तुम्हीही ऐंशीचे व्हाल. मीही होईन. आपल्याला कुणी बांधलं तर 'काय चोरलं' हे विचारायला आपल्याजवळ कुणी बसलेलं असेल का, एवढा तरी विचार सही करण्याआधी करायचा होता.

वेळ बराच झाला. अध्यक्ष घड्याळ बघतायत. आभाराचं राहिलं. शिवामामा, तुमच्यामुळे माझ्या वॉर्डात आता 'जेवणार का' हे कुणी विचारत नाही, सगळे वाढतात, तुमचे आभार. मावशींचे आभार, दुपारचे दोन तास त्यांनी स्वतःच्या विश्रांतीतून दिले. मेट्रन लक्ष्मीताई, तुम्ही चार वर्षं बघून न बघितल्यासारखं केलंत, त्याचेही.

आता शेवटी म्हणतात ना, की बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल तर पोटात घाला. माझ्या हातात कागद आहे, ओघात काहीच बोलले नाही. व्यासपीठावर कुणी दुखावलं असेल तर माझी हरकत नाही. मला क्षमा एकाच व्यक्तीची मागायची आहे. शांताबाई, तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. चार दिवस तुमच्या नवऱ्याला या रुग्णालयाने उपाशी ठेवलं आणि त्याखाली सही माझी आहे. हे मी तुमच्या घरी, बंद दाराआड सांगितलं होतं, ते पुरेसं नव्हतं, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. तुम्ही काही म्हणू नका. मान हलवू नका. घरी जा, आणि राग असेल तर तो ठेवा, तुमचा हक्क आहे.

आणखी एक राहिलं. माझी नोकरी आज पाच वाजता संपते. तोपर्यंत माझ्या सहीला किंमत आहे. इथे येण्याआधी मी सात चिठ्ठ्या नव्याने सही करून आले, आज वॉर्डात असलेल्या सात विसराळू रोग्यांच्या. सहा जणांची माणसं आत्ता त्यांच्याजवळ बसलेली आहेत. सातव्या पलंगावर अप्पा आहेत. कॉटन ग्रीनच्या गोदामात आयुष्य गेलं, पुढेमागे कुणी नाही, सोबत करायला कोण आणायचं? त्यांच्या चिठ्ठीवर मी माझं नाव घातलंय. उद्या सकाळी परिपत्रक घेऊन जे कुणी वॉर्डात येतील त्यांनी शिपायाला पाठवू नये, स्वतः यावं. सातव्या पलंगाशी स्टुलावर मी बसलेली असेन, आणि मला उठवल्याशिवाय बाकीच्या सहांना उठवता येणार नाही. नमस्कार.